ओडीतून उठलेल्यांचं पुढे काय होतं

मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात मी बरीच वर्षं फिजिओथेरपिस्ट होते. आता आठवड्यातून दोन दिवस एका व्यसनमुक्ती केंद्रात बसते. गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, ओढून किंवा टोचून बेशुद्ध पडलेली आणि इलाजाने शुद्धीवर आलेली मुलं माझ्याकडे पोचतात ती 'पाय उचलत नाही', 'हात लुळा पडलाय' अशा चिठ्ठीवर. मुलंच जास्त. बायकाही येतात, पण फार उशिरा, आणि बहुधा एकट्या. केसपेपरच्या एका कोपऱ्यात 'ओडी' लिहिलेलं असतं. ओव्हरडोस. वस्तीतल्या शाळकरी पोरालाही हा शब्द ठाऊक असतो.

व्यसन कसं लागतं आणि कसं सुटतं यावर मराठीत चांगलं लिखाण झालंय. अनिल अवचटांनी ऐंशीच्या दशकात गर्दवर लिहिलं, १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू झालं, आणि 'टर्की' (नशा तुटली की होणारा त्रास), 'स्लिप' (सोडल्यावर परत घसरणं) हे शब्द साध्या घरांतूनही ऐकू यायला लागले. ओडीतून वाचलेल्या माणसाच्या मेंदूचं, फुप्फुसाचं, मूत्रपिंडाचं, पायाचं पुढे काय होतं हे मात्र घरच्यांना कुणी सांगत नाही. हार्ट अटॅकमधून उठलेल्याला फॉलोअपच्या तारखा मिळतात, पथ्याचा कागद मिळतो. ओडीतून उठलेल्याला मिळतं ते लेक्चर. पुढे त्याला जे जे दुखेल, सुजेल, विसरेल, ते सगळं व्यसनाच्या खात्यावर मांडलं जातं, आणि त्यात इलाज होण्यासारखं पुष्कळ काही निसटून जातं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या सर्वेक्षणानुसार देशात अफूवर्गातल्या पदार्थांचं सेवन करणारे सुमारे सव्वादोन कोटी लोक आहेत, आणि त्यातल्या सुमारे ७७ लाखांचं सेवन उपचाराची गरज पडावी इतकं आहे. तेव्हा हे लिहितेय ते मूठभर घरांसाठी नाही.

१. 'छान घोरत होता' हे ऐकलं की माझे कान टवकारतात

"गाढ झोपला होता हो, छान घोरत होता." हे मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की आता हिस्ट्री घेताना मीच विचारते, घोरत होता का? गर्द असो, अफू असो की डॉक्टरांनीच दिलेली मॉर्फिनच्या कुळातली गोळी, हे पदार्थ मेंदूच्या देठात श्वास चालवणारं जे केंद्र असतं त्यालाच गुंगी आणतात. मिनिटाला बारा-पंधरा चालणारा श्वास सहावर, चारवर येतो. जीभ मागे पडते, घशात पाणी साचतं आणि गुरगुर, खरखर असा ओला आवाज यायला लागतो. डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक होतात. ओठ आणि नखं निळी पडतात असं पुस्तकात असतं. आपल्या सावळ्या कातडीवर ती राखाडी दिसतात.

श्वास पूर्ण थांबला तर चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशी मरायला लागतात. पण बऱ्याच ओडींमध्ये श्वास एकदम थांबत नाही, तो तासन्‌तास अपुरा चालत राहतो. पुढे मी जे सांगणार आहे त्यातलं बहुतेक नुकसान याच वेळात होतं, बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू असताना. हाक मारून, छातीच्या मधल्या हाडावर बोटांची पेरं जोरात घासून माणूस उठला नाही तर १०८ला फोन लावा आणि हनुवटी वर करा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, थांबत असेल तर तोंडाने श्वास द्या. नाकाला कांदा, चप्पल, मिठाचं पाणी, लिंबू, यातलं काही करू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं फुप्फुसात उतरतं, आणि मग ते काढायला माझ्यासारखीला छातीवर थापट्या मारत बसावं लागतं.

२. डामाच्या कागदावर घाईने सही करू नये

अफूवर्गातल्या पदार्थांचा असर तोडणारं नॅलॉक्सोनचं इंजेक्शन शिरेत गेलं की काही मिनिटांत माणूस डोळे उघडतो. उघडतो तो टर्कीतच: घाम, उलट्या, अंग तोडतंय, मला घरी जायचंय. नातेवाईक रात्रभर जागलेले, कुणाला पहिल्या पाळीला जायचंय, सिस्टरही त्याच्या आरडाओरड्याला वैतागलेल्या. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेतोय अशी सही, म्हणजे डामा, होते आणि माणूस रिक्षात बसतो.

इथे धोका असा की नॅलॉक्सोनचा असर साधारण अर्धा ते दीड तास टिकतो. अंगात जास्त वेळ राहणारं काही घेतलं असेल तर इंजेक्शन उतरतं आणि गुंगी परत येते. सोबत 'बटण' घेतलेलं असेल, म्हणजे नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या, तर त्यांच्यावर नॅलॉक्सोन चालतच नाही. फुप्फुसात पाणी भरायचं असेल तर तेही काही तासांनी दिसतं. स्नायू आणि मूत्रपिंडाची गडबड एका रिपोर्टवर ओळखू येईलच असं नाही, दुसऱ्या दिवशीच्या रक्तात ती वर आलेली असते.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ओडीनंतर इमर्जन्सीत उपचार घेऊन घरी गेलेल्या साडेअकरा हजार लोकांचा वर्षभर माग काढला गेला. त्यातले ५.५ टक्के वर्ष पुरं व्हायच्या आत गेले. गेलेल्यांपैकी पाचवा हिस्सा पहिल्याच महिन्यात गेला, आणि काही तर पहिल्या दोन दिवसांत. आपण मात्र घरी आल्यावर 'सुटलो बुवा' म्हणून झोपतो.

नेणारच असाल तर निदान एवढं विचारून न्या: ऑक्सिजन किती आहे, छातीचा एक्स-रे झाला का, रक्तातलं सीपीके (स्नायूंसाठी) आणि क्रिएटिनीन (मूत्रपिंडासाठी) पाठवलंय का, लघवी झाली का आणि कुठल्या रंगाची.

३. किती घेतलं ते सगळे विचारतात; किती वेळ आणि कसा पडला होता ते विचारा

टेम्पोवर क्लीनर असलेला एक पंचविशीतला मुलगा आठवतो. सार्वजनिक संडासात आतून कडी लावून बसला आणि तिथेच कलंडला. उजवा पाय अंगाखाली दुमडलेला. सकाळी रांगेतल्या लोकांनी दार ठोठावलं, शिव्या घातल्या, मग कुणीतरी कडी तोडली. इंजेक्शनने शुद्धीवर आला, बोलायला लागला, आईने देवाला हात जोडले. दुपारपर्यंत पोटरी दगडासारखी घट्ट झाली, कातडी ताणून चकाकायला लागली, आणि लघवी आली ती कोऱ्या चहाच्या रंगाची.

झालं होतं असं. स्वतःच्याच वजनाखाली पोटरी तासन्‌तास दबली, रक्त पोचलं नाही, स्नायू मेले. पाय मोकळा झाल्यावर मेलेल्या स्नायूतला माल रक्तात उतरला आणि मूत्रपिंडात जाऊन अडकला. त्याचं सीपीके हजारांच्या घरात गेलं होतं. सर्जननी पोटरीला दोन्ही बाजूंनी लांब चिरा देऊन आतला दाब मोकळा केला, तिकडे डायलिसिस सुरू झालं. मूत्रपिंड काही आठवड्यांत सावरलं. बहुतेकांचं सावरतं, पण सगळ्यांचं नाही, म्हणून त्यानंतरही क्रिएटिनीन करत राहावं लागतं. पाय मात्र माझ्याकडे आला.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, किंचित खाली, हाडाचं एक टोक हाताला लागतं. त्याच्या मानेला वळसा घालून एक नस जाते, कातडीच्या अगदी लगत. पाऊल वर उचलायचं काम तिचं. ती दबली की पाऊल लोंबतं. हा मुलगा चालायचा तेव्हा गुडघा छातीकडे उचलून पाऊल फट्‌कन आपटायचा. वॉर्डातले बाकीचे पेशंट त्याला 'परेड' म्हणायचे.

आईने मला हळूच विचारलं, "ताई, गर्द पायात उतरली का हो याच्या?"

"नाही मावशी, गर्दने पाय नाही गेला. पाय अंगाखाली दबला म्हणून गेला."

"म्हणजे परत येईल?"

नस परत वाढते, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर. गुडघ्यापाशी दबलेली नस पावलाच्या स्नायूपर्यंत पोचायला महिने लागतात, आणि तोवर स्नायू जागा ठेवायचा, घोटा आखडू द्यायचा नाही, एवढंच आमच्या हातात असतं. नस पार चिरडली गेली असेल तर ती पूर्ण येतही नाही. एएफओ म्हणजे पोटरीपासून तळव्यापर्यंतचं प्लास्टिकचं स्प्लिंट मिळालं, पण ते चपलेत बसेना. बूट घ्यावा तर त्या पायाला एक नंबर मोठा लागणार, आणि दुकानदार दोन मापांचा जोड देणार कशाला? शेवटी मोठ्या मापाचा जोड घेऊन डाव्या बुटात जादा तळवा घातला. ही माहिती कुठल्या पुस्तकात नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

आणि लोकल. ज्याचं पाऊल उचलत नाही त्याचा अंगठा फूटबोर्डच्या कडेला अडकतो. मी त्याला आधी खात्यातल्या लाकडी पायरीवर चढायला शिकवलं, चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मग दुपारच्या रिकाम्या वेळी भावासोबत स्टेशनवर पाठवलं. गर्दीच्या वेळी चढायचं नाही ही अट त्याने पाळली की नाही, ते त्यालाच ठाऊक.

हाताचंही असंच होतं. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून बेशुद्ध पडला की मनगट लोंबतं. कमोडवर बसल्या जागी गेला तर मांडीमागची मोठी नस दबते. म्हणून मी नातेवाइकांना अगदी बारीक विचारते: कुठल्या कुशीवर होता, हात कुठे होता, खाली फरशी होती की गादी, अंगावर कुठे लाल-काळा वळ होता का. ते मला पोलीस समजतात.

४. तो खोटं बोलत नसेल. त्याला आठवत नसेल

हे कलम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण यात घरं मोडतात.

मेंदूत कानांच्या पातळीला, आतल्या बाजूला, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, दोन्हीकडे एकेक. नवी आठवण पक्की करायचं काम त्याचं. ऑक्सिजन कमी पडला की सगळ्यात आधी कळवळणाऱ्या भागांपैकी हा एक. जुनं सगळं शाबूत असतं: लग्नाची तारीख, शाळेतल्या मास्तरांचं नाव, पुडी कुठे मिळते ते. पण सकाळी सांगितलेलं दुपारी नसतं. मॅसॅच्युसेट्समध्येच २०१२ ते २०१६ या काळात अचानक स्मृती गेलेले चौदा रुग्ण नोंदले गेले. त्यांच्या एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस बिघडलेले दिसले आणि बहुतेकांचा अफूवर्गातल्या पदार्थांशी संबंध निघाला. इतकं टोकाचं क्वचितच होतं. ज्याला वारंवार ओडी झालीय त्याच्यात सौम्य स्वरूपात असं काही दिसणं मात्र मला मुळीच नवीन नाही.

आता व्यसनी माणसाच्या घराचा विचार करा. वर्षानुवर्षं तो खोटं बोललेला असतो. पैसे कुठे गेले? माहीत नाही. कुठे होतास? आठवत नाही. त्या घरात तो ओडीनंतर परत येतो आणि खरंच आठवत नसतं, तेव्हा त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?

एक कुरिअरवाला होता, दोन मुलांचा बाप. त्याची बायको माझ्यासमोर बसून म्हणाली, "मॅडम, हा नाटक करतो. मी याला आतून-बाहेरून ओळखते." मी तिला म्हटलं, ज्यात खोटं बोलून त्याला काहीएक मिळणार नाही अशी गोष्ट शोध. ती विचार करत बसली, मग पर्समधून दोन बिलं काढली. सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या आणायला त्याला पाठवलं होतं. घेऊन आला, पिशवी फ्रिजवर ठेवली, चहा प्यायला, आणि परत खाली जाऊन त्याच गोळ्या पुन्हा घेऊन आला. दोन्ही बिलं एकाच दुपारची, हिशेबाचे उरलेले पैसे दोन्ही वेळा परत दिलेले. ती बिलं तिने भांडायला जपून ठेवली होती. न्यूरॉलॉजीच्या चिठ्ठीवर मी तीच टाचून पाठवली.

एक साधी चाचणी घरीही करता येते. पाच शब्द सांगायचे, त्याच्याकडून म्हणवून घ्यायचे, पाच-सात मिनिटं दुसरंच काही बोलायचं आणि मग विचारायचं. एखादा शब्द सुटला तर काही नाही. मघाशी शब्द सांगितले होते हेच आठवत नसेल, तर मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यायला हवं.

आमच्या केंद्रांतही यावरून अन्याय होतो. सोमवारच्या ग्रुपमध्ये झालेलं शेअरिंग मंगळवारी त्याच्या डोक्यात नसतं, आणि फाइलवर शेरा पडतो: 'मोटिव्हेशन नाही'. अशा माणसाला लांबलचक सेशनचा काय उपयोग? एका वेळी एकच सूचना द्यावी. एक वही, ती एकाच जागी ठेवलेली. मोबाइलवर गजर. गोळ्यांचा वारांचा डबा. पहिल्या सहा महिन्यांत पुष्कळ सुधारणा होते, नंतर वेग मंदावतो. त्या कुरिअरवाल्याला जुनी नोकरी जमली नाही, पत्ते राहीनात. गोदामात पार्सलं लावायचं काम जमलं, कारण तिथे काम रोज तेच असतं.

५. सुधारलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात ढेपाळला तर 'परत घेतली' म्हणून मोकळे होऊ नका

हे दुर्मीळ आहे, पण ठाऊक असायला हवं. माणूस ओडीतून उठतो, घरी येतो, जेवतो-खातो, हसतो-बोलतो. आणि एक ते चार आठवड्यांनी उतरणीला लागतो. गप्प होतो, हालचाल मंदावते, अंग ताठरतं, कपड्यात लघवी होते, माणसं ओळखत नाही. पुरेसा प्राणवायू न मिळालेल्या मेंदूतल्या नसांवरचं आवरण उशिरा झडतं, म्हणून हे होतं. एमआरआयमध्ये मेंदूचा पांढरा भाग दोन्हीकडे बिघडलेला दिसतो. घरच्यांची खात्री असते की याने परत सुरू केलं. मी पाहिलेल्या एका मुलाला त्याच्या मामाने याच अवस्थेत थोबाडीत मारली होती. तो उलट काहीच बोलला नाही, तेव्हा मामा घाबरला आणि त्याला घेऊन आला. काही महिन्यांत तो बराचसा सावरला. सगळे सावरतात असं नाही. पण मधल्या काळात पाठीला जखमा होऊ न देणं, सांधे हलते ठेवणं, घास श्वासनलिकेत जाऊ न देणं एवढं कुणीतरी करावं लागतं, आणि ते निदान झाल्याशिवाय होत नाही.

६. खोकला बिडीचा आहे असं धरून चालू नये

बेशुद्धीत उलटी फुप्फुसात गेली की न्यूमोनिया होतो, हे उघड आहे. त्यापुढचं कमी लोकांना ठाऊक असतं. अफूवर्गातले पदार्थ खोकल्याची उबळच दाबतात, त्यामुळे कफ आत साचून राहतो. शिवाय जे पन्नीवर गर्द जाळून ओढतात त्यांची फुप्फुसं तिशी-चाळिशीतच म्हाताऱ्यासारखी झालेली आढळतात. जिना चढताना धाप, इन्हेलर, सगळं. आणि मुंबईत तिसरा भिडू कायम हजर असतो, टीबी. तेव्हा ओडीनंतर दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला तर एक्स-रे आणि थुंकीची तपासणी दोन्ही करावी. टोचून घेणारा असेल तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही या तपासण्याही त्याच सुईत उरकून घ्याव्यात, तो परत हाती लागेल याचा भरवसा नसतो. वाफ घ्यायला माझी ना नाही, पण वाफेने यातलं काही जात नाही.

७. कान

ओडीतून उठल्यावर काहींना अचानक कमी ऐकू येतं. काहींचं काही दिवसांत परत येतं, काहींचं नाही. घरच्यांना वाटतं लक्ष देत नाही. कानाच्या डॉक्टरांकडे लगेच न्या.

८. केसपेपरवर खरं सांगा

'चक्कर आली', 'फिट आली', 'शुगर कमी झाली असेल.' लाज आणि पोलिसांची भीती, दोन्हीपोटी लोक असं सांगतात. विषबाधेच्या केसला रुग्णालय एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करतंच, तो नियमाचा भाग आहे. त्याचा अर्थ पोरगा वॉर्डातून थेट कोठडीत जाणार असा होत नाही. १९८५च्या एनडीपीएस कायद्यात सेवन हा गुन्हा आहे हे खरं, पण त्याच कायद्याच्या ६४-अ कलमात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यापुरतं संरक्षणही आहे. खरं न सांगण्याचं नुकसान मात्र तत्काळ होतं. काय घेतलं हे कळलं नाही तर नॅलॉक्सोनला उशीर होतो, आणि किती वेळ पडला होता हे कळलं नाही तर पायाकडे कुणी बघत नाही.

९. सगळ्यात जपायचा काळ म्हणजे 'क्लीन' होऊन घरी आल्यानंतरचे पहिले दिवस

रोज घेणाऱ्याचं शरीर त्या मात्रेला सरावलेलं असतं. केंद्रात, रुग्णालयात किंवा तुरुंगात काही आठवडे गेले की तो सराव उतरतो. तलफ उतरत नाही. बाहेर येऊन माणूस जुन्याच अंदाजाने घेतो आणि तीच मात्रा आता जिवावर बेतते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका त्या राज्यातल्या इतर लोकांच्या मानाने १२९ पट होता.

आपल्याकडे हे दिवस सत्यनारायणाचे असतात. पेढे वाटले जातात, मामा-काका येऊन जातात, आणि 'आता याने हात लावला तर घराबाहेर काढीन' असं वडील सगळ्यांसमोर जाहीर करतात. मग स्लिप झालीच तर तो कुठे जाणार? गच्चीवर, टाकीमागे, एकटा. कडी लावून. मी घरच्यांना सांगते, त्याला स्पष्ट सांगा की पूर्वीची मात्रा आता विष आहे, आणि घसरलास तर निदान एकटा राहू नकोस. हे ऐकून काही पालक माझ्यावर भडकतात. भडकू देत.

आधी एक ओडी झालेल्याला पुढची होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि चौथ्या-पाचव्या कलमातलं नुकसान दर खेपेला साठत जातं.

१०. जिभेखालच्या गोळीला नावं ठेवू नका

ब्युप्रेनॉर्फिन. "एक नशा सोडवून दुसरी लावली," हे मी वडिलांकडून ऐकलंय, पुढाऱ्यांकडून ऐकलंय, आमच्याच व्यवसायातल्या लोकांकडूनही ऐकलंय. ही गोळीही अफूवर्गातलीच आहे, यात वाद नाही. पण तिचा असर एका पातळीपलीकडे वाढत नाही, त्यामुळे सोबत दारू किंवा बटणं नसतील तर ती श्वास सहसा थांबवत नाही. तलफ मात्र भागवते. टोचून घेणाऱ्यांना नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, ओएसटी केंद्रात ती रोज समोर बसवून, मोफत दिली जाते. काही सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागातही मिळते.

मॅसॅच्युसेट्सचा आणखी एक अभ्यास, २०१८चा. ओडीतून वाचलेले साडेसतरा हजार लोक. त्यातल्या ज्यांनी पुढच्या वर्षभरात मेथाडोन, म्हणजे याच कामाचं दुसरं औषध, घेतलं त्यांच्यात अशा पदार्थांनी मरण्याचं प्रमाण ५९ टक्क्यांनी कमी दिसलं, ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्यांत ३८ टक्क्यांनी. आणि औषध मिळालं होतं ते दहातल्या तिघांनाच, तिकडेसुद्धा. माझ्या खात्यापुरतं बोलायचं तर जो रोज गोळीला येतो तो रोज माझ्या पायऱ्यांवरही चढतो. जो येत नाही त्याच्या पायासाठी मी काय करणार?

११. 'मुद्दाम घेतली होतीस का?' हे एकदा तरी विचारावं

सरळ, आवाज न चढवता, एकटा असताना. विचारल्याने डोक्यात तसले विचार घुसतात ही समजूत चुकीची आहे. मी विचारलेल्यांपैकी काहींनी 'हो' म्हटलं. त्याहून जास्त लोकांनी 'मरायचं नव्हतं, पण जगायचंही काही पडलं नव्हतं' अशा अर्थाचं काही सांगितलं. दोघांनाही मानसोपचाराची गरज आहे. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६, हे दोन्ही फोन मोफत आहेत.

घरच्या बाईचंही कुणी विचारत नाही. रात्री दोनदा-तीनदा उठून नवऱ्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत. त्यातली एक मानदुखीसाठी शेक घ्यायला यायची. तिच्या मानेत काही नव्हतं, झोप नव्हती.

१२. दिव्यांग प्रमाणपत्र काढा, लाजू नका

बापाचा पहिला प्रश्न असतो, "कामाला कधी जाईल?" त्याचं उत्तर पायापेक्षा डोक्यावर जास्त अवलंबून असतं. ओडीनंतर फिट आली असेल तर न्यूरॉलॉजिस्ट हो म्हणेपर्यंत गाडी चालवणं, परांचीवर चढणं, मशिनवर उभं राहणं बंद. बाकीच्यांना बसून करायचं, ठरावीक, थोड्या वेळाचं काम आधी द्यावं.

पाऊल किंवा हात वर्षभराने आला नाही, किंवा स्मरणशक्तीचं कायमचं नुकसान दिसलं, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि तपासणीला सरकारी रुग्णालयाच्या बोर्डापुढे जायचं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं तर त्यापुढच्या सवलतींचे दरवाजे उघडतात. नुकसान कशामुळे झालं यावरून कायदा माणसामाणसांत भेद करत नाही. तरीही लोक जात नाहीत. एका वडिलांनी मला तोंडावर सांगितलं, "कार्ड दाखवलं की लोक विचारणार, कशाने झालं? मग काय सांगू, पोरगा गर्दुल्ला होता म्हणून?"

मी त्यांना म्हटलं, कार्डावर दिव्यांगत्वाचा प्रकार लिहितात आणि टक्के लिहितात. कुणी फारच खोदून विचारलं तर सांगा, नस दबली. रिपोर्टवरही तेच लिहिलंय.